ब्लॉक वाचवा, नियम स्पष्ट करा

जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून 50 वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांना ‘विंटेज मोटार वाहन’ असा स्वतंत्र दर्जा देण्यात आला, नव्या नोंदणीसाठी 20,000 रुपये आणि पुनर्नोंदणीसाठी 5,000 रुपये शुल्क ठरले, आणि जुन्या गाड्या जपणाऱ्यांची अनेक वर्षांची मागणी मान्य झाली. मात्र याच दुरुस्तीतील व्याख्येत एक अट आहे. वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि त्याचे ‘सबस्टॅन्शियल ओव्हरहॉल’, म्हणजे मोठी उलथापालथ करणारे काम, झालेले नसावे, असे ती सांगते. चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांतील कोणताही फेरबदल तिने या कामात धरला आहे. झिजलेले इंजिन खोलून, त्याचेच भाग मापात आणून ते पुन्हा उभे करणे आणि ते इंजिन काढून दुसऱ्याच जातीचे बसवणे ही दोन परस्परविरोधी कामे या एका अटीमुळे एकाच रांगेत उभी राहिली आहेत, आणि मासिकाकडे येणाऱ्या तक्रारींचे मूळ तेथेच आहे.

तक्रारींचा सूर साधारण सारखा आहे. मूळ ब्लॉक राखून, वर्षभर सुटे भाग शोधून ज्याने इंजिन बांधून घेतले, त्याने प्रामाणिकपणे मशिन शॉपची बिले अर्जासोबत जोडली की त्या बिलांवरील ‘ओव्हरहॉल’ हा शब्दच आक्षेपाचे कारण ठरतो. उलट ज्या गाडीत तीस-चाळीस वर्षांपूर्वी परक्या जातीचे डिझेल इंजिन बसले आणि त्याची रीतसर नोंद आरसीवर झाली, त्या गाडीचा कागद आणि ब्लॉकवरचा क्रमांक जुळतो म्हणून ती पुढे सरकते. कागद जुळतो एवढ्यावरून गाडी मूळ स्वरूपात आहे असे मानणे ही तपासणी नव्हे. क्रमांकाच्या मागे जे इंजिन उभे आहे ते त्या मॉडेलचे आहे किंवा नाही, हे ओळखण्याचे प्रशिक्षण नसलेल्या निरीक्षकाच्या हाती असा निर्णय सोपवणे हा त्या निरीक्षकावरही अन्याय आहे.

इंजिन पुन्हा बांधणे हा त्या काळातील यंत्ररचनेचाच भाग होता. ॲम्बॅसडरमध्ये 1959 पासून बसलेले ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजचे 1489 सीसीचे इंजिन घेतले, तर त्याचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 73.025 मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली होण्याची लांबी, 88.9 मिलिमीटर आहे. सिलिंडर झिजला की तो कापून मोठा करायचा आणि त्यात ओव्हरसाइज पिस्टन बसवायचे, क्रँकशाफ्टचे जर्नल घासून लहान करायचे आणि त्यांना अंडरसाइज बेअरिंग शेल द्यायचे, ही तरतूद त्या इंजिनात आरंभापासून गृहीत होती. आता अटीतील घोळ पाहावा. चाळीस हजारांश इंच ओव्हरसाइज पिस्टन घातले की बोअर 74.041 मिलिमीटर होतो आणि क्षमता सुमारे 1531 सीसीवर जाते, तर आरसीवर 1489 हाच आकडा राहतो. काटेकोर अर्थ लावायचा तर हा फेरबदल ठरतो. याउलट सिलिंडर याहूनही अधिक कापून त्यात लायनर, म्हणजे बिडाची नवी नळी, दाबून बसवली आणि ती मूळ मापाला बोअर केली, तर काम अधिक मोठे होऊनही क्षमता पुन्हा 1489 वर येते. म्हणजे लहान कामाने आकडा बदलतो आणि मोठ्या कामाने तो मूळ जागी परततो. नियम लिहिणाऱ्यांनी एखाद्या मशिन शॉपमध्ये एक दिवस घालवला असता तर ही शब्दरचना झाली नसती.

व्हॉल्व्ह सीटचा प्रश्नही असाच आहे. 2000 साली देशभरातून शिसेयुक्त पेट्रोल गेले. त्या शिशाचा थर बिडाच्या हेडमधील व्हॉल्व्ह सीटचे रक्षण करीत असे. तो नाहीसा झाल्यावर सततच्या माऱ्याने सीट खचते, व्हॉल्व्ह आत बुडत जातो आणि टॅपेटचे अंतर बंद होते. यावरचा उपाय म्हणजे कठीण पोलादाचे इन्सर्ट बसवणे. शासनाच्या इंधनधोरणामुळे आवश्यक झालेला हा उपाय शासनाच्याच दुसऱ्या नियमाने फेरबदल ठरावा, हे कोणत्याही तर्कात बसत नाही. आता पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण 20 टक्क्यांवर गेल्याने कार्ब्युरेटरचे जेट, रबरी नळ्या आणि पंपाचे डायफ्राम बदलणेही भाग पडते, आणि त्यांचीही गत हीच होऊ शकते.

इंजिन बांधावे की बदलावे, हा निर्णय मोजमापावरच व्हायला हवा. कॉम्प्रेशन टेस्टने सिलिंडरमधील दाब कळतो, तर बंद सिलिंडरमध्ये हवा भरून ती कोठून निसटते हे पाहणाऱ्या लीक-डाउन टेस्टने गळती रिंगमधून, व्हॉल्व्हमधून की गॅस्केटमधून आहे हे समजते. गरम इंजिनाचे ऑइल प्रेशर बेअरिंगची अवस्था सांगते. इंजिन खोलल्यावर चुंबकीय पद्धतीने ब्लॉक आणि क्रँकची तडा-तपासणी व्हावी आणि सिलिंडरच्या भिंतीची उरलेली जाडी मोजली जावी. तडा पाण्याच्या जॅकेटच्या बाहेरच्या भिंतीत असेल तर मेटल स्टिचिंगने, म्हणजे तड्यावर ओळीने धातूच्या खिळी ठोकून तो न तापवता शिवण्याच्या पद्धतीने, ब्लॉक वाचतो. मेन बेअरिंगच्या आधारापर्यंत पोहोचलेल्या तड्यावर मात्र भरवसा ठेवता येत नाही. युद्धपूर्व गाड्यांत बेअरिंगमध्ये व्हाइट मेटल, म्हणजे कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा मिश्रधातू, ओतून मग तो मापाला कापावा लागतो. हे काम जाणणारे कारागीर कमी होत आहेत. परंतु कारागीर शोधावा लागतो एवढ्या कारणाने इंजिन फेकण्याचे समर्थन होत नाही.

दुसरे इंजिन बसवणे स्वस्त पडते, हा समज बहुधा अपुऱ्या हिशेबावर उभा असतो. जुन्या ॲम्बॅसडरमध्ये नंतरच्या मॉडेलचे 1817 सीसीचे इसुझू इंजिन आणि पाच गिअरची पेटी बसवताना माउंटिंग, प्रॉपेलर शाफ्टची लांबी, रेडिएटर, एक्झॉस्ट आणि क्लचची जोडणी हे सारे बदलत जाते, आणि वाढलेल्या वेगाला ब्रेक पुरेसे आहेत का, हा प्रश्न शेवटी उरतोच. विलीस बनावटीच्या जीपगाड्यांतील 2199 सीसीची पेट्रोल इंजिने काढून जड डिझेल इंजिने बसवली गेली, तेव्हा पुढच्या स्प्रिंगांवर आणि स्टिअरिंगवर त्याचा भार आला. ज्या काळात ही वाहने शेतीवर आणि भाड्यावर पोट भरीत होती, त्या काळातील मालकांना दोष देणे अन्यायाचे ठरेल, कारण त्यांना डिझेलचा भावच परवडत होता. आज केवळ रॅली आणि प्रदर्शनासाठी बाहेर पडणाऱ्या गाडीच्या मालकाला मात्र ती सबब उरलेली नाही.

ब्लॉक खरोखरच गेला असेल तर त्याच जातीचे आणि त्याच क्षमतेचे इंजिन शोधणे हाच योग्य मार्ग आहे, आणि कायदा त्याला आडवा येत नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 चा रोख उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांवर आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तीच भूमिका अधोरेखित केली. त्याच बनावटीचे इंजिन बसवून त्याचा नवा क्रमांक नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने आरसीवर आणणे ही सरळ वाट आहे. ब्रिटनमध्ये 40 वर्षांहून जुन्या वाहनांना वार्षिक तपासणीतून सूट देताना हा प्रश्न मार्गदर्शक सूचनेतच सोडवला गेला: त्याच मूळ इंजिनाची वेगळी क्षमता किंवा त्या मॉडेलसाठी कारखान्याने दिलेले पर्यायी इंजिन हा मोठा बदल मानू नये, असे तेथे लिहून ठेवले आहे. आपल्याकडे असे दोन वाक्यांचे स्पष्टीकरण निघाले तरी बहुतेक तक्रारी मिटतील, आणि ते लवकर निघायला हवे. प्रीमियर पद्मिनी हे नाव 1974 मध्ये आले. त्या पहिल्या पद्मिनी आता 50 वर्षांच्या कक्षेत येऊ लागल्या आहेत आणि मुंबई-पुण्यातून येणाऱ्या अर्जांची संख्या यापुढे वाढतच जाणार आहे.

सभासदांच्या वर्तनाकडेही या निमित्ताने पाहणे आवश्यक आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली 1089 सीसीची इंजिने मुंबईच्या टॅक्सींमध्ये अगदी अलीकडेपर्यंत धावत होती. शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये सेवेतून गेली. वीस वर्षांची वयोमर्यादा आधीपासून ठाऊक होती, तरी संघटितपणे ब्लॉक, क्रँक आणि हेड विकत घेऊन ठेवण्याचा विचार किती मंडळांनी केला? जे भाग तेव्हा भंगाराच्या भावाने मिळत होते, त्यांच्यासाठी आता बाजार धुंडाळावा लागत आहे. याहून गंभीर बाब क्रमांकाची आहे. गंजलेला किंवा पुसट झालेला इंजिन क्रमांक घासून तो पुन्हा पंच करण्याचा सल्ला काही मेस्त्री देतात आणि काही मालक तो मानतात. हेतू कितीही निर्मळ असला तरी असा ब्लॉक चोरीच्या ब्लॉकपासून वेगळा ओळखता येत नाही, आणि अशा एका गाडीमुळे पुढच्या दहा प्रामाणिक अर्जदारांवर संशय येतो. हे ताबडतोब थांबले पाहिजे.

म्हणून ज्यांच्याकडे काम चालू आहे त्यांनी आजपासून इंजिन खोलण्यापूर्वीच क्रमांकाचे छायाचित्र घ्यावे, बोअर आणि जर्नलची कामाआधीची व नंतरची मापे मशिन शॉपच्या सहीनिशी लिहून घ्यावीत, आणि बिलावर ‘ओव्हरहॉल’ असा मोघम शब्द न लिहिता रिबोअर, लायनर, क्रँक ग्राइंडिंग अशी प्रत्येक कामाची स्वतंत्र नोंद करून घ्यावी. निकामी झालेला मूळ ब्लॉक भंगारात न देता गाडीसोबत जपावा, कारण उद्या स्टिचिंगची किंवा ओतकामाची चांगली सोय झाली तर तोच परत उभा राहू शकेल. ज्यांचे अर्ज इंजिनाच्या कारणावरून अडले आहेत त्यांनी लेखी आक्षेपाची प्रत मागून घ्यावी आणि ती मापांच्या नोंदींसह मासिकाच्या कार्यालयाकडे पाठवावी. या सर्व प्रकरणांचे एकत्रित निवेदन राज्याच्या परिवहन आयुक्तांना आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाला सादर केले जाईल. तोंडी तक्रारींवर कोणतेही मंत्रालय स्पष्टीकरण काढत नाही. त्यासाठी कागद लागतात, आणि ते सभासदांनीच पाठवायचे आहेत.