नदीपार नेलेले देव
व्हायकिंगांच्या कादंबऱ्यांत मला लढायांपेक्षा जुने देव सुटण्याची घडी जास्त धरून ठेवते. इ.स. १०००च्या सुमारास आइसलँडच्या आल्थिंग या सभेत ख्रिस्ती झालेले आणि जुन्या देवांचे भक्त हातघाईवर आले, तेव्हा थॉर्गेर नावाचा कायदेपंडित दिवस-रात्र पांघरूण ओढून पडून राहिला. उठल्यावर त्याने निवाडा दिला: सगळ्यांनी बाप्तिस्मा घ्यायचा, जुनी पूजा कुणाला दिसणार नाही अशी घरात केली तर चालेल. आणि हा माणूस स्वतः जुन्या देवांचा! त्या पांघरुणाखाली त्याच्या मनात काय कालवाकालव झाली असेल, हे कादंबरीच सांगू शकते. मराठीत हे काम महाबळेश्वर सैल यांनी ‘तांडव’मध्ये केलंय, सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज गोव्यावर. १५६०मध्ये मंगेशाचं लिंग कुठ्ठाळीहून जुवारी नदी ओलांडून प्रियोळला नेलं. १५८३मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइट पाद्री मारले. मग पोर्तुगीजांनी बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलेले गावकऱ्यांचे पुढारी कापले गेले. कुंकळ्ळीची देवी शांतादुर्गा फातर्प्याला गेली. आजही शिगम्यात ती रंगीत छत्र्यांच्या मिरवणुकीने, गुलालात न्हात कुंकळ्ळीला येते. त्या गर्दीत कुंकळ्ळीच्या त्याच गावकरी घराण्यांतले ख्रिस्तीही असतात. आमच्या यवतमाळातही १९५३पासून तीस वर्षं युनियन बिब्लिकल सेमिनरी ही ख्रिस्ती धर्मशिक्षणाची संस्था होती. म्हणून इकडच्याही देव बदललेल्या घराची, एकाच चुलीभोवती बसलेल्या दोन श्रद्धांची कादंबरी मला वऱ्हाडी बोलीत वाचायची आहे.