मोटारीचे माप
आपल्या मंडळात मोटारींचे रसिक पुष्कळ. कोणी इंजिनाच्या आवाजावर आणि धुळे-जळगावच्या लांब पल्ल्यावर लुब्ध, तर कोणी विजेच्या मोटारीचा किलोमीटरमागे खर्च मांडणारे. बालरोगतज्ज्ञ म्हणून माझे माप निराळे आहे. लहान मुलाचे नाक सायलेन्सरच्या धुराला अधिक जवळ आणि त्याचा श्वसनवेगही प्रौढाहून अधिक. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली देशभर बंद झाले, २०२० मध्ये बी.एस. ६ मानके आली; तरी चलथाणच्या महामार्गालगतच्या बाळाचा धूर चुकलेला नाही. विजेच्या मोटारीच्याही टायरांची धूळ उडते, आणि आपली वीज बहुतांश कोळशाचीच, हे मान्य. गावी जाण्यास डिझेल खुशाल ठेवावे. परंतु शाळेच्या फाटकाशी इंजिन चालू ठेवून उभी राहणारी मोटार (त्यांत डॉक्टरांच्याही असतात!) आधी विजेची व्हावी.