पाडव्याची स्वागतयात्रा आणि घरीं राहणारीं माणसें

डोंबिवलीच्या एका वाचकभगिनींनीं आम्हांस पत्रानें एक प्रश्न केला आहे. त्यांचें घर मोठें; सासूसासरे, तिघे भाऊ, तिघी जावा आणि मुलें मिळून तेरा माणसें. वर्षप्रतिपदेच्या दिवशीं सकाळीं गुढी उभारली कीं पुरुषमंडळी व मुलें फेटे बांधून स्वागतयात्रेस निघतात, आणि जातांना "तुम्हीही लौकर या" असें सांगावयास विसरत नाहींत. पण पुरण शिजावयाचें असतें, कटाची आमटी व्हावयाची असते, बारा वाजतां नैवेद्य दाखवावयाचा असतो. बाई लिहितात, "लग्न होऊन सोळा वर्षें झालीं. यात्रा आमच्या गल्लीच्या तोंडावरून जाते, आणि मी ती अजून केवळ ढोलाच्या आवाजावरून ओळखतें. ह्या बाबतींत शास्त्र काय सांगतें?"

उत्तर देण्यापूर्वीं त्या यात्रेची हकीकत थोडी सांगितली पाहिजे. कारण ही मिरवणूक पूर्वापार चालत आली आहे, अशी पुष्कळांची समजूत झालेली दिसते. तसें मुळींच नाहीं. ती १९९९ सालीं डोंबिवलींत प्रथम निघाली. डोंबिवलीचे माजी नगराध्यक्ष आबासाहेब पटवारी ह्यांची ती कल्पना, आणि १९२४ सालीं स्थापन झालेल्या तेथील श्रीगणेश मंदिर संस्थानानें ती उचलून धरली. पुढें ठाण्यास श्रीकौपिनेश्वराच्या न्यासानें, कल्याणास तेथील संस्थांनीं, मुंबईंत गिरगांवानें आणि मग महाराष्ट्रांतील कितीतरी गांवांनीं तिचा कित्ता गिरविला. पहिल्या वर्षांच्या यात्रांत आमचे जे विद्यार्थी लेझीम खेळले, त्यांचीं मुलें आतां लेझीम खेळतात. एवढेंच तिचें वय. नवेपणांत कांहीं उणें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. सार्वजनिक गणेशोत्सवही कधीं काळीं नवाच होता. परंतु जी चाल काल पडली, तिच्यासाठीं आजीच्या वेळच्या सबबी सांगतां येत नाहींत, एवढें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

पाडव्याचा आणि शकाचा विषय निघालाच आहे, तर आमच्या कल्याणाविषयीं चार शब्द लिहिल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. ही जुन्या मास्तराची खोड समजावी. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिणाऱ्या कोणा व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांचें वर्णन करून ठेविलें आहे. 'पेरिप्लस' ह्या नांवानें तें प्रसिद्ध आहे. त्यांतील 'कल्लिएना' म्हणजे आमचें कल्याण. थोरल्या सारगनाच्या काळीं हें रीतसर व्यापाराचें बंदर होतें, परंतु पुढें अंमल बदलला आणि ग्रीक गलबत येथें लागलें तर तें पहाऱ्यांत भडोचला नेण्यांत येऊं लागलें, असें तो लिहितो. हा सारगन म्हणजे सातवाहन कुळांतील कोणी सातकर्णी, आणि भडोचकडे सत्ता शकक्षत्रपांची, असें बहुतेक विद्वान मानतात. म्हणजे सातवाहन आणि शक ह्यांच्या झगड्यांत आमचें बंदर कांहीं काळ कोंडलें गेलें. आतां गंमत पाहा. ज्या शकाची प्रतिपदा आपण साजरी करतों त्याचा आरंभ इसवी सन ७८ चा, म्हणजे त्याच शतकांतला. बदामीच्या इसवी सन ५४३ च्या शिलालेखांत त्यास शकवर्षच म्हटलें आहे. शालिवाहनाचें नांव त्यास कित्येक शतकांनंतर जोडलें गेलें. एकमेकांशीं लढलेल्या दोन कुळांचीं नांवें आज आपल्या पंचांगाच्या पहिल्या पानावर सुखानें शेजारीं बसलेलीं आहेत.

बंदर पुढें पुन्हा नांदूं लागलें. कान्हेरीच्या लेण्यांस दान देणाऱ्यांत कल्याणचे रहिवासी आढळतात, आणि सहाव्या शतकांतला कॉस्मस येथून पितळ, लाकूड व कापड बाहेर जात असल्याचें सांगतो. शिवछत्रपतींनीं १६५७ सालीं कल्याण घेतलें आणि मराठी आरमाराचा पाया ह्याच खाडींत घातला गेला, असें मानतात. १८५३ सालीं ठाण्यापर्यंत आलेली आगगाडी १८५४ सालीं कल्याणास पोंचली, आणि हळूहळू खाडीचें काम रुळांनीं घेतलें. पूर्वीं माल उतरत असे, आतां माणसें उतरतात.

ही माणसें उतरण्याची गोष्टच स्वागतयात्रेचें मर्म आहे, असें आम्हांस वाटतें. डोंबिवली हें गांव नोकरदारांचें. सकाळीं सहापासून लोक लोकलला लोंबकळत मुंबईस जातात आणि दिवेलागणीनंतर परततात. गांवास आपलें तोंड दिवसाउजेडीं पाहावयास मिळतच नाहीं. एकाच डब्यांत वीस वर्षें शेजारीं उभे राहणारे दोघेजण एकमेकांचीं घरें पाहिलेले नसतात. दिवाळींत नरकचतुर्दशीच्या सकाळीं फडके रस्त्यावर तरुण मंडळींचा जो मेळा जमतो, तोही ह्याच भुकेपोटीं. पाडव्याच्या यात्रेनें ती भूक आजोबापासून नातवापर्यंत सर्वांची करून टाकली. तेथें गणित शिकविणारे गुरुजी झांजा वाजवितांना दिसतात, दूधवाला पालखीस खांदा देतो, आणि रोज आठ सत्तावीसच्या गाडीस भेटणारे गृहस्थ प्रथमच पत्नीसह दृष्टीस पडतात. ही यात्रा आधीं येथेंच सुचली, ह्याचें आम्हांस नवल वाटत नाहीं.

अलीकडे ती पश्चिमेस भागशाळा मैदानापासून निघते, आणि रूळ ओलांडून पूर्वेस फडके रस्त्यानें गणेश मंदिराशीं येते. पालखी, लेझीम, चित्ररथ, नऊवारी नेसून दुचाकीवर स्वार झालेल्या स्त्रिया, त्यांतच गुजराती, दाक्षिणात्य, बंगाली मंडळींचे आपापल्या वेषांतले मेळे. जुन्या बंदराच्या प्रांतास हें शोभतें. ठाण्यास आदल्या संध्याकाळीं मासुंद्याच्या कांठीं दिवे लावतात, तें दृश्य ज्यांनीं पाहिलें नसेल त्यांनीं एकदां जरूर पाहावें. चित्ररथांविषयीं आमचें मत थोडें कडू आहे. शाळेच्या मुलांनीं पुठ्ठा, कागद आणि खळ ह्यांवर उभे केलेले रथ उत्तम. आणि विषयापेक्षां आश्रयदात्याची तसबीर मोठी, असे रथ मागें ठेविले तरी चालतील. आणखी एक. सावित्रीबाईंचा किंवा जिजाऊंचा वेष घेऊन ट्रकवर उभी केलेली सात वर्षांची मुलगी दोन दोन तास चैत्राच्या उन्हांत असते. तिला पाणी द्यावें. गेल्या खेपेस एका जिजाऊस आम्ही आपल्या छत्रीची सावली देत बरेंच अंतर चाललों. तिचे वडील पुढें छायाचित्रें काढण्यांत गुंतले होते.

आतां शास्त्र. काशिनाथ उपाध्यायांचा 'धर्मसिंधु' शके १७१२ चा, म्हणजे इसवी सन १७९० चा. त्यांत ह्या तिथीचीं कृत्यें थोडक्यांत सांगितलीं आहेत, तीं अशीं : तेल लावून अभ्यंगस्नान, घरोघरीं ध्वज उभारणें, कडुनिंबाचीं पानें खाणें आणि संवत्सराचें फल ऐकणें. हीं सर्व कामें झटपट करणाऱ्या घरांत सात वाजण्याच्या आंत होतात. पुरणपोळीचें नांव तेथें नाहीं. बाराच्या ठोक्यास नैवेद्य झालाच पाहिजे असेंही नाहीं. यात्रेचें तर नाहींच नाहीं. म्हणजे पुरण आणि यात्रा ह्या दोन्ही गोष्टी आपण आपल्या आवडीनें पाडव्यास जोडल्या आहेत, आणि त्यांची सांगड कशी घालावी हें ठरविण्याचा अधिकार घराचा आहे, ग्रंथाचा नव्हे. ज्या घरांत तिघी सुना सोळा सोळा वर्षें एका आवडीसाठीं दुसरीस मुकतात आणि तिघे भाऊ दोहोंचा लाभ घेतात, तेथें शास्त्राकडे बोट दाखविणें बरें नव्हे.

उपाय अवघड नाहीं. गुढीस सकाळीं दूधसाखरेचा नैवेद्य दाखवावा. पुष्कळ घरीं ती रीत आहेच. पक्वान्न श्रीखंडाचें करावें. श्रीखंडाचा मोठा गुण असा कीं, त्याचें निम्में काम आपण निजलों असतां होतें : आदल्या रात्रीं दही फडक्यांत बांधून टांगलें कीं सकाळीं चक्का तयार. यात्रेहून आल्यावर पुऱ्या तळल्या म्हणजे झालें, आणि कणीक मळण्यास भावांचे हात कांहीं झिजणार नाहींत. ज्यांस पुरणच हवें त्यांनीं तें खुशाल करावें. मात्र पाळी लावावी, आणि त्या पाळींत पुरुषांचींही नांवें असावींत. जेवण्यास दीड वाजेल. आम्हांस स्वतःस बारा वाजतां पान मांडलेलें आवडतें, आणि दीडची कल्पना मुळींच रुचत नाहीं. तरी वर्षांतून एक दिवस तें सोसावें, असें आमच्या घरीं ठरलें आहे. ठरविलें कोणीं, हें येथें सांगण्याचें कारण नाहीं.

सासूबाईंचें काय, हा प्रश्न पत्रांत नाहीं, पण तो आहे. सुना गेल्या तर घरीं म्हातारीं माणसें उरतात. त्यांस यात्रेची हौस नसते असें नव्हे. त्यांस भीति असते ती ढोलताशांची. वस्तींत दिवसा ५५ डेसिबलपलीकडे आवाज नसावा, आणि रुग्णालयें, शाळा व न्यायालयें ह्यांच्या भोंवतालीं १०० मीटरपर्यंत शांतता असावी, असे २००० सालचे नियम आहेत. चाळीस ढोल एकदम वाजूं लागले म्हणजे हे नियम कोठें राहतात तें सर्वांस ठाऊक आहे. ज्यांच्या छातींत यंत्र बसविलेलें आहे, अशा आमच्या एका स्नेह्यांस त्या दिवशीं मागच्या खोलींत दार लावून बसावें लागतें. ढोल नकोतच असें आम्ही म्हणत नाहीं. मुलें महिना महिना सराव करतात, त्यांचा हिरमोड कां करावा? पण पथकें कमी असावींत, त्यांत अंतर असावें, आणि पालखीच्या मागेंपुढें बरीच वाट केवळ टाळ व लेझीम असावी. म्हणजे पालखीबरोबर म्हाताऱ्यांनाही चार पावलें टाकतां येतील. चौकाचौकांत दहावीस खुर्च्या मांडल्या तर खर्च फार येत नाहीं.

२५ मार्च २०२० रोजीं पाडवा आला आणि त्याच दिवसापासून सारा देश घरांत बंद झाला. त्या वर्षीं यात्रा नाहीं, पुढच्या वर्षीं नाहीं. फडके रस्ता त्या सकाळीं इतका रिकामा होता कीं गुढ्यांच्या साखरगांठींवर कावळे निवांत बसलेले असावेत. त्या दोन वर्षांत आमच्या ओळखीच्या कित्येक घरांत पुरुषांनीं प्रथमच पुरण वाटलें, कारण दुसरें करण्यासारखें कांहीं नव्हतें, आणि पोळ्या बऱ्या झाल्या असें ऐकिवांत आहे. २ एप्रिल २०२२ रोजीं निर्बंध उठले आणि यात्रा पुन्हा निघाली. पुरण वाटणारे हात मात्र बहुतेक ठिकाणीं पुन्हा फेट्याकडे वळले.

तेव्हां पत्रलेखिका बाईंनीं हा अंक घरांत सर्वांसमक्ष वाचावा, शक्य तर दिरांकडून वाचवून घ्यावा, आणि येत्या पाडव्यास तिघी जावांनीं सासूबाईंस मध्यें घेऊन निघावें. काय ठरलें तें आम्हांस कळवावें. तेरा माणसांस दही किती टांगावें, ह्याचें प्रमाण आम्हांस ठाऊक नाहीं. तें घरांत विचारून पुढील अंकीं देऊं.