ॲप बदला, पण आधी ग्रुपात कोण बसलंय ते बघा



२०२१ च्या सुरुवातीला कॅम्पात, साइटच्या बसमध्ये, मेसच्या लायनीत एकच विषय चालला होता. व्हॉट्सॅप सोडायचं का? कुणी सिग्नल टाकलं, कुणी टेलिग्राम. कुणी दोन्ही टाकली आणि परत व्हॉट्सॅपवरच येऊन बसला, कारण गावाकडची आई तिथेच आहे. रोज विचारणा होते, म्हणून आमचं मत सरळ सांगतो.

आधी झालं काय ते बघू. जानेवारी २०२१ च्या सुरुवातीला व्हॉट्सॅपने नवीन अटी पाठवल्या. ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा, नाहीतर ॲप चालणार नाही, असा सूर होता. लोक भडकले. १५ जानेवारीला सिग्नलवर इतकी गर्दी झाली की ते बंदच पडलं. मग व्हॉट्सॅपने मुदत १५ मेपर्यंत ढकलली. भारत सरकारच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानेही या अटी मागे घ्या म्हणून कंपनीला पत्र लिहिलं. युरोपातल्या लोकांना मात्र वेगळ्या अटी आहेत, कारण तिथला कायदा कडक आहे. म्हणजे ॲप एकच, पण जर्मनीतल्या माणसाला एक न्याय आणि दुबईतल्या आपल्या माणसाला दुसरा. राग यायचाच.

पण रागाच्या भरात चुकीचं समजून घेऊ नका. फेसबुक तुमचे मेसेज वाचणार, ही अफवा आहे. २०१६ पासून व्हॉट्सॅपवरचा मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्याच फोनवर उघडतो. मधे कंपनीलाही तो वाचता येत नाही. प्रश्न पाकिटाच्या आतल्या चिठ्ठीचा नाही, पाकिटावरच्या पत्त्याचा आहे. तुमचा नंबर, तुमचा फोन कोणता, ॲप कधी आणि किती वापरता, ही माहिती फेसबुककडे जाते. आणि ती २०१६ पासूनच जाते आहे, २०२१ मध्ये फक्त सगळ्यांच्या लक्षात आलं.

आता आपली गोष्ट. मागे एका कॅम्पात तीन महिन्यांचा पगार थकला होता. चाळीस जणांचा ग्रुप होता. रात्री एकाने व्हॉइस मेसेज टाकला, "उद्या सगळे मिळून लेबर ऑफिसला जाऊ." सकाळी बसमध्ये चढायच्या आधी फोरमनने तोच मेसेज सगळ्यांना मोठ्याने ऐकवला. बोलणाऱ्याला त्याच आठवड्यात दुसऱ्या साइटवर हलवलं, ग्रुप गप्प झाला, पगार आणखी लांबला. मेसेज फेसबुकने फोडला नव्हता. आपल्यातल्याच एकाने पुढे पाठवला होता. त्या दिवशी तो ग्रुप सिग्नलवर असता, तरी हेच झालं असतं.

म्हणून आमचं म्हणणं असं: ॲप बदला, पण कुणापासून काय लपवायचं आहे ते आधी ठरवा. मोठ्या कंपन्यांपासून वाचणं वेगळं आणि मुदीरपासून वाचणं वेगळं.

कुठलं ॲप? टेलिग्रामबद्दल गैरसमज फार आहे. त्यातल्या साध्या चॅटला आणि ग्रुपला व्हॉट्सॅपसारखं कुलूप नाही. ते फक्त 'सीक्रेट चॅट'ला आहे, आणि सीक्रेट चॅट दोघांतच होतं. गाणी-सिनेमासाठी वापरा हवं तर, हक्काच्या बोलण्यासाठी नको. सिग्नल ना नफा तत्त्वावर चालतं, जाहिरात नाही, आणि माहिती जवळपास साठवतच नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत सरकारी तपासात त्यांच्याकडे एका खात्याची माहिती मागितली, तेव्हा खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं, एवढंच ते देऊ शकले. त्यामुळे कामगारांच्या ग्रुपसाठी आम्ही सिग्नल सुचवतो. घरच्यांसाठी व्हॉट्सॅप राहू द्या. आईला नवीन ॲप शिकवण्यात तिच्याशी बोलणं तुटायला नको.

आणि कुणीतरी सांगितलं म्हणून कुठलंही 'फुकट कॉल'चं ॲप टाकू नका. युएईत व्हॉट्सॅपचा कॉल लागत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. याच अडचणीत लोकांनी टूटॉक घेतलं होतं. डिसेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते हेरगिरीचं साधन असल्याची बातमी दिली. कंपनीने आरोप नाकारला, पण गूगल आणि ॲपल दोघांनीही ते आपल्या स्टोअरमधून काढलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. व्हॉट्सॅप घाईने डिलीट करू नका. त्यात तुमचा पुरावा आहे. सुपरवायझरने "पगार पुढच्या महिन्यात" म्हणून टाकलेला मेसेज, ओव्हरटाइमचे तास, हजेरीच्या वहीचा फोटो, हे उद्या दाव्यात तुमच्या बाजूने बोलणार आहे. खातं डिलीट केलं की तेही गेलं. आधी ते चॅट 'एक्स्पोर्ट' करून स्वतःच्या ईमेलवर पाठवा, स्क्रीनशॉट घ्या, एक प्रत घरच्या विश्वासू माणसाकडे ठेवा. मेसेज आपोआप पुसायची सोय आपसातल्या बोलण्याला ठीक आहे, मालकाशी बोलताना ती बंदच ठेवा.

कुठलंही ॲप असो, एवढं कराच:

सेटिंगमध्ये जाऊन सहा आकडी पिन लावा. सिम कंपनीच्या नावावर असेल तर हे आजच करा. नाहीतर सिम ज्याच्या हातात, खातं त्याच्या हातात.

व्हॉट्सॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' (आधीचं 'व्हॉट्सॅप वेब') उघडून बघा. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कधी प्रिंट काढायला जोडलं असेल, तर तुमचं सगळं बोलणं तिथे अजून दिसत असेल. लगेच लॉग आउट करा.

बंद स्क्रीनवर मेसेज दिसू देऊ नका. एका खोलीत आठ जण झोपतात, फोन चार्जिंगला कुठेही असतो.

पासपोर्ट, व्हिसा, इकाम्याचे फोटो ग्रुपात टाकू नका. ओटीपी कुणालाच देऊ नका, अगदी रूममेटलाही.

कायमचं घरी निघालात तर आधी नंबर बदलून घ्या. तुमचा बंद झालेला नंबर उद्या दुसऱ्याला मिळू शकतो.

आणि नवीन ग्रुप करताना जुन्या ग्रुपातली सगळी नावं उचलून टाकू नका. ज्याला तुम्ही तोंडाने ओळखता, ज्याची हमी दुसरा कुणी देतो, त्यालाच घ्या. चाळीस जणांच्या ग्रुपापेक्षा आठ जणांचा पक्का ग्रुप बरा. फार नाजूक बोलणं असेल तर फोन खोलीत ठेवा आणि चहा प्यायला बाहेर जाऊन बोला.

कंपन्यांनी आपली माहिती आपल्याला न विचारता घेऊ नये, ही मागणी आपण लावून धरायचीच. पण पगाराचा प्रश्न तोपर्यंत थांबणार नाही. सुट्टीच्या दिवशी एक तास काढा, पिन लावा, पुरावा साठवा, आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला येत नसेल तर त्यालाही लावून द्या.