रिकामी चढाई कोणाच्या नावावर?

परंदवडीच्या बाजूला एका मैदानावर कबड्डीचा सामना पाहत उभा होतो. चढाईपटू आत आला, तीस सेकंद फिरला, कोणाला शिवला नाही, कोणी त्याला धरलं नाही, आणि मध्यरेषा ओलांडून परत गेला. पंचांनी रिकामी चढाई दाखवली. गुणलेखकानं तिसऱ्या चढाईच्या हिशोबापुरती एक खूण केली. कोणाच्याही नावापुढे काही लिहिलं नाही. शेजारी उभा असलेला एकजण म्हणाला, "काहीच झालं नाही."

झालं होतं. माझं लक्ष डाव्या कोपऱ्यातल्या पोरावर होतं. चढाईपटू बोनससाठी पाय टाकायला आला, तेव्हा हा इतका खाली बसला की पाय टाकणं म्हणजे घोटा त्याच्या हातात देणं. चढाईपटूनं पाय आवरला. मग अंग झुकवून हाताची हूल दिली. पोरानं शेजाऱ्याचा हात सोडला नाही आणि हुलीला भुलून पुढेही झेपावला नाही. अर्धं पाऊल मागे, पुन्हा अर्धं पाऊल पुढे. चढाईपटू दुसऱ्या बाजूला वळला, तर तिकडे जागा उरली नव्हती. हाताला हिसका देऊन यानंच साखळी तिकडे सरकवली होती. तीस सेकंद संपत आले आणि चढाईपटू हात हलवत परतला. पोरानं तळव्याला माती चोळली आणि पुन्हा जागेवर जाऊन उभा राहिला.

कोपरारक्षक आयुष्यभर हेच काम करतो. आलेल्याला रिकाम्या हातानं परत पाठवतो. सामन्यात पकडी मोजक्याच होतात, अशा चढाया कितीतरी असतात. आणि नेमक्या या कामाबद्दल आपलं गुणपत्रक गप्प आहे.

हे गप्प राहणं साधं नाही. कबड्डीपटूची सगळी कारकीर्द या कागदावर उभी असते. जिल्ह्याच्या निवडीपासून बँकेच्या, रेल्वेच्या, पोलिसांच्या संघातल्या नोकरीपर्यंत आणि पुढे प्रो कबड्डीच्या लिलावापर्यंत विचारणा एकच असते: गुण किती? प्रदीप नरवालनं प्रो कबड्डीत चढाईचे अठराशेच्या वर गुण मिळवले. पकडीचे पाचशे गुण पहिल्यांदा गाठले ते इराणच्या फझल अत्राचलीनं. दोघेही आपापल्या कामात शिखरावरचे. तरीही आकड्यांत तिपटीहून जास्त अंतर. चढाईपटू एका चढाईत तीन-चार गडी टिपू शकतो. पकडीला एकच गुण, आणि अव्वल पकड झाली तर दोन. खेळाची घडणच तशी आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती जे घडतं ते न लिहिण्याबद्दल.

तिसऱ्या चढाईचंच बघा. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायलाच हवा, नाहीतर चढाईपटू बाद. तो बाद झाला की समोरच्या संघाला गुण मिळतो. हा गुण कोणी कमावला? तीन वेळा दार लावून धरलं त्यांनी. पण पकड झालेली नसते, म्हणून कोणाच्याही खात्यावर तो चढत नाही. फलकावर गुण दिसतो, माणूस दिसत नाही.

याच्या उलट घाईनं मारलेली पकड पाहा. प्रो कबड्डीत एका सामन्यात पकडीचे पाच गुण झाले की 'हाय फाइव्ह' म्हणून गौरव होतो. पाचासाठी किती वेळा झेप घेतली, त्यातल्या किती वाया गेल्या, हे त्या गौरवात कुठेच येत नाही. फसलेली प्रत्येक झेप म्हणजे समोरच्याला गुण आणि आपला एक गडी बाहेर. कागद पोराला सांगतो, झेप घे, दिसशील. प्रशिक्षक सांगतो, थांब. सतरा वर्षांचा मुलगा कोणाचं ऐकेल? ज्या कागदावर त्याची निवड होणार आहे, त्याचंच ऐकेल. एवढंही करायचं नसेल तर तो कोपरा सोडून चढाईला जाईल. गावोगाव तेच चाललंय. संघ पाडताना सगळ्यांना चढाई हवी असते, आणि कोपऱ्यात कोण, असं विचारलं की पोरं एकमेकांकडे बघतात.

कोणी म्हणेल, पकडपटूंनाही आता पैसा मिळतो. मिळतो. 2018 च्या लिलावात एक कोटीचा आकडा पहिल्यांदा गाठणारा खेळाडू पकडपटूच होता, यू मुंबानं घेतलेला फझल. 2023 मध्ये पुणेरी पलटणनं मोहम्मदरझा शादलूला 2 कोटी 35 लाखांना घेतलं आणि 1 मार्च 2024 ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. त्या हंगामात शादलूचे पकडीचे गुण 99. पण दोघेही घडले इराणमध्ये. ज्या खेळाची मैदानं आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत, त्या खेळातला सर्वांत महागडा कोपरा आपल्याला बाहेरून आणावा लागला. मला हे लागतं.

आपल्याकडे कोपरे नाहीत असं नाही. कल्याणचा गिरीश इर्नाक डाव्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं उभा राहिला, 2018 च्या हंगामात पुणेरी पलटणचा कर्णधार झाला आणि त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई खेळांत भारताकडून खेळला. तिथे उपांत्य फेरीत इराणनं आपल्याला 27-18 असं हरवलं. 1990 मध्ये कबड्डी आशियाई खेळांत आल्यापासून पुरुषांचं सुवर्ण पहिल्यांदाच हातचं गेलं. देशातले नावाजलेले चढाईपटू त्या संघात होते. चाळीस मिनिटांत आपले गुण अठरा. इराणनं त्या दिवशी आपल्याला धरलंही आणि रिकामं परतवलंही. पहिल्याचा हिशोब आहे. दुसऱ्याचा कुठेही नाही.

हिशोब ठेवता येत नाही असं मात्र कोणी म्हणू नये. आपल्याला परक्या असलेल्या एका खेळात तो साठ वर्षांपासून ठेवला जातोय. बर्फावरच्या हॉकीत मागे दोन बचावपटू असतात. गोल करणं हे त्यांचं पहिलं काम नाही. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या व्यावसायिक लीगनं 1967-68 च्या हंगामापासून एक साधा आकडा अधिकृतपणे मांडायला सुरुवात केली. दोन्हीकडे गडी सारखे असताना आपल्या संघाचा गोल झाला, की त्या वेळी बर्फावर असलेल्या आपल्या प्रत्येक खेळाडूच्या नावावर अधिक एक. गोल खाल्ला की उणे एक. बस, इतकंच. 1970-71 मध्ये बॉस्टनच्या बॉबी ऑर या बचावपटूचा हा आकडा अधिक 124 झाला, आणि तो विक्रम अजून मोडलेला नाही. हा आकडा निर्दोष नाही. जोडीदाराची चूकही आपल्या नावावर चढते. पण "तो उभा होता तेव्हा काय झालं" हा प्रश्न तरी तिथल्या कागदाला पडला.

त्या प्रश्नामुळे बघणाऱ्यांची नजरही तयार होते. वॉशिंग्टनचा रॉड लँगवे 1982-83 च्या पूर्ण हंगामात तीन गोल करू शकला. त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्यालाच मिळाला, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. मतं देणारे क्रीडापत्रकार होते. तीन गोलांच्या माणसाला त्यांनी निवडलं, कारण त्याच्यासमोरून पुढे जाता येत नव्हतं. आपल्याकडे एखाद्या कोपरारक्षकाचे हंगामात कमी गुण झाले, तर निवड समितीसमोर त्याची बाजू कशाच्या आधारे मांडणार? त्याच्यासमोरून किती चढाया रिकाम्या गेल्या, हे प्रशिक्षकाच्या डोक्यात असतं. डोक्यातलं जोडपत्र अर्जाला जोडता येत नाही.

यासाठी यंत्र लागत नाही. प्रत्येक चढाईच्या वेळी मैदानात कोण होतं आणि चढाईपटू काय घेऊन गेला, एवढंच लिहायचं. गुणलेखकाच्या शेजारी एक वही आणि एक मुलगा बसवला तरी पुरे. प्रो कबड्डीत तर प्रत्येक चढाई चित्रित होते. तिथे हे न होण्याला कारणच नाही.

मावळात जत्रांच्या दिवसांत गावोगाव कबड्डीचे सामने होतात. बक्षिसांच्या पाटीवर 'उत्कृष्ट चढाई' आणि 'उत्कृष्ट पकड' शेजारी शेजारी लिहिलेली असतात. दोघांचा मान गावानं कधीच सारखा मानला आहे. आयोजकांना एवढीच विनंती, यंदा गुणपत्रकात एक रकाना वाढवा. त्याला 'रिकामी परतवली' म्हणा. सामना संपल्यावर ध्वनिक्षेपकावरून बाकीच्या आकड्यांबरोबर तोही वाचून दाखवा, खेळाडूच्या नावासकट.