फाडफाड बोला, पण क्रियापद सांभाळा

‘व्याकरणाशिवाय फाडफाड इंग्रजी’ अशा पाट्या तालुक्याच्या एसटी स्टँडापासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत सगळीकडे झळकत असतात. पाटी लावणारा धंदा करतो, त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. पण तोच सूर आता शिक्षकांच्या खोलीत, पालकसभेत आणि चांगल्या शिकलेल्या माणसांच्या गप्पांतही लागतो, म्हणून तो खोडून काढायला हवा.

आधी त्यांची बाजू नीट मांडू. मूल मराठी शिकतं तेव्हा त्याच्या हातात कोणी विभक्तीचा तक्ता देत नाही. तरी शाळेत जायच्या आत ते ‘आई आली’, ‘बाबा आले’ बिनचूक म्हणायला लागतं. मग इंग्रजीच तेवढी नियम घोकून का शिकायची? कानावर पडू द्या, जीभ आपोआप वळेल. या म्हणण्यामागे नुसती जाहिरातबाजी नाही. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी १९८०च्या दशकात साधारण हेच मांडलं: समजेल असं पुष्कळ ऐकून-वाचून भाषा अंगवळणी पडते, नियम माहीत असल्याने फार तर आपण बोललेलं तपासून पाहता येतं. यात तथ्य आहे. नुसते नियम पाठ करून कोणी बोलका झालेला नाही.

पण त्यातलं ‘पुष्कळ’ कुठून आणायचं? लहान मुलाच्या कानावर जागेपणी सतत मराठी पडत असते. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोराच्या वाट्याला इंग्रजीची एखादी तासिका येते, आणि तिच्यातला बराच वेळ धडा मराठीत समजावून सांगण्यात जातो. महाराष्ट्रात आधी इंग्रजी पाचवीपासून होती, २००० सालापासून ती पहिलीपासून आली. वर्षं वाढली, तरी ‘व्हेअर यू आर गोइंग’ काही गेलं नाही.

बरं, रात्रंदिवस इंग्रजी कानावर पडली तरी काम भागतंच असं नाही. होनोलुलूत स्थायिक झालेल्या एका जपानी चित्रकाराचा अभ्यास रिचर्ड श्मिट यांनी १९८३ साली प्रसिद्ध केला. अभ्यासात त्याला वेस म्हटलं आहे. हा गडी दिलखुलास, माणसांत रमणारा, बोलायला कधीही न बिचकणारा. सारा व्यवहार इंग्रजीत. तीन वर्षांत त्याचं संवादाचं कसब चांगलंच वाढलं आणि व्याकरण जवळपास होतं तिथंच राहिलं. कॅनडात माँट्रिअलजवळच्या सेंट लँबर्ट इथं १९६५ पासून इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना फ्रेंचमधून शिकवलं जाऊ लागलं. अशा वर्गांतली मुलं ऐकलेलं, वाचलेलं छान समजत. पण वर्षानुवर्षं फ्रेंच कानावर पडूनही बोलताना क्रियापदांची रूपं आणि नामांची लिंगं चुकत राहत, हे संशोधक मेरिल स्वेन यांनी दाखवून दिलं. पुढे २००० साली नॉरिस आणि ऑर्टेगा या संशोधकांनी परभाषा शिकवण्याच्या पद्धतींवरचे ४९ अभ्यास एकत्र तपासले. नियम उघड करून शिकवण्याचं पारडंच त्यात जड भरलं.

यावर शेवटचं हत्यार बाहेर निघतं: ‘समोरच्याला कळलं म्हणजे झालं!’ अजिंठ्याला परदेशी पाहुण्याला वस्तू विकणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते खरंही आहे. त्याचं अडत नाही, आणि त्याच्या इंग्रजीला हसणाऱ्यांची मला कीव येते. पण समजा, लातूरची एक मुलगी पुण्याच्या रुग्णालयात नर्स आहे. रात्रपाळीत ती डॉक्टरांना फोन करते आणि डॉक्टरांना मराठी येत नाही. ‘पेशंट हॅड फीवर’ म्हटलं तर ताप येऊन गेला. ‘पेशंट हॅज हॅड फीवर सिन्स मॉर्निंग’ म्हटलं तर तो सकाळपासून अजून उतरलेला नाही. ‘ही टेक्स इन्सुलिन’ म्हणजे नेहमी घेतो, ‘ही टुक इन्सुलिन’ म्हणजे घेऊन झालं. डोस द्यायचा की थांबायचं हे क्रियापदाच्या एका रूपावर ठरतं. इथं कळलं म्हणजे झालं, पण नेमकं काय कळलं?

आता दुसऱ्या बाजूकडेही वळायला हवं, कारण व्याकरणाची ही बदनामी त्याच्या कैवाऱ्यांनीच करून ठेवली आहे. ‘डू ॲज डायरेक्टेड’ हा परीक्षेतला प्रश्न आठवा. ‘टू’ काढून वाक्य पुन्हा लिहा, ‘नो सूनर दॅन’ वापरा, ‘शट द डोअर’चं कर्मणी करून ‘लेट द डोअर बी शट’ लिहा. दार लावायला असं सांगणारा माणूस कोणी पाहिला आहे? रेन आणि मार्टिन यांचं जाडजूड व्याकरण संदर्भाला उत्तम आहे. पण ज्याला दुकानात ‘हे परत घेता का’ एवढं विचारता येत नाही, त्याच्यापुढे ते पहिल्या पानापासून उघडणं हा निव्वळ जाच आहे. असं शिकवून मार्क पडतात, तोंड उघडत नाही. आणि मग पाटीवाल्याचं फावतं.

म्हणून माझा आग्रह रोजच्या वाक्याच्या व्याकरणाचा आहे: प्रश्न कसा विचारायचा, नकार कसा द्यायचा, काळ कसा दाखवायचा. आणि ते मराठी शेजारी ठेवून शिकवायचं. इंग्रजीच्या तासाला मराठी वर्ज्य, हे सोवळं कशासाठी? आपल्या चुका हवेतून येत नाहीत, त्यांतल्या अनेक मराठीच्या वळणाने येतात. ‘तू कुठे जातोस’ म्हणताना आपण शब्दांची जागा बदलत नाही, म्हणून इंग्रजीतही बदलत नाही. ‘काल मी त्याला पाहिलंय’ आपल्याला चालतं, म्हणून आपण ‘यस्टरडे आय हॅव सीन हिम’ म्हणतो. इंग्रजीला ‘यस्टरडे’बरोबर ‘हॅव’ खपत नाही. ‘तू गेलास का’ यात भूतकाळ क्रियापदातच आहे. इंग्रजी प्रश्नात तो ‘डिड’ने उचललेला असतो, मग ‘गो’ने पुन्हा उचलायचं कारण नाही. हे एकदा फळ्यावर दोन ओळींत समोरासमोर लिहून दाखवलं की ‘डिड यू वेंट’ ही चूक विद्यार्थी स्वतःच पकडू लागतो. ‘एक बाई आली होती’ आणि नंतर ‘ती बाई म्हणाली’ या जोडीतून ‘अ’ आणि ‘द’ यांचा निम्मा घोळ मिटतो. उरलेला निम्मा किचकट आहे, तो वाचनानेच सुटेल.

आणि भीती कसली बाळगायची? ‘मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं’ असं कर्माचं लिंग बघून क्रियापद फिरवणारी माणसं आपण. इंग्रजीत तिन्हीला एकच ‘एट’. ‘ही गोज’मधला शेवटचा ‘ज’ तेवढा वेळ घेतो. जगभरच्या शिकणाऱ्यांना तो उशिराच जमतो, तेव्हा शिक्षकांनी पहिल्या महिन्यापासून त्यावर लाल शाई सांडू नये.

नियम सांगून झाला की त्याच तासाला प्रत्येकाने त्या नियमाची स्वतःच्या घरची, कामाची वाक्यं बोलली पाहिजेत, नाहीतर आपणही ‘डू ॲज डायरेक्टेड’च्याच वाटेला लागलो. मोठ्या वर्गात हे कठीण आहे, पण जोड्या लावल्या तर होतं.

राहता राहिला क्लासचा प्रश्न. ज्याला लावायचा आहे त्याने जरूर लावावा. फक्त फी भरण्याआधी विचारावं: माझी वाक्यं दुरुस्त कोण करणार, आणि ती का चुकली हे मला मराठीत सांगणार का? उत्तर ‘व्याकरणाची गरजच नाही’ असं आलं, तर पैसे खिशातच ठेवावेत.