फोमच्या पोटातले लाकूड

१/ सर्फबोर्डच्या इतिहासावरील लेखांत एक वाक्य हमखास आढळते: १९५८च्या सुमारास कॅलिफोर्नियात होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमचा बोर्ड आणला आणि लाकडाचे युग संपले. वाक्य सुटसुटीत आहे. पुराव्यापुढे मात्र ते टिकत नाही.

२/ आधी वस्तू पाहू. ज्या फोमच्या ठोकळ्यातून बोर्ड कोरला जातो, तो ‘ब्लँक’. फोम हलका, पण सहज वाकणारा. म्हणून ब्लँक लांबीत मधोमध चिरून दोन भागांमध्ये लाकडाची पातळ पट्टी चिकटवतात. ही पट्टी म्हणजे ‘स्ट्रिंगर’. वरून फायबरग्लास आणि रेझिन. ‘संपलेले’ लाकूड असे बोर्डाचा कणा होऊन बसलेले आहे.

३/ मूळ पुरुषाचा दावाही तपासावा. बॉब सिमन्स यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीसच पॉलिस्टायरीन फोम वापरला. पॉलिस्टर रेझिनने तो विरघळतो, म्हणून त्यावर प्लायवूड चढवले. पॉलियुरेथेनवर डेव्ह स्वीट यांचे प्रयोगही १९५०च्या दशकातलेच.

४/ आणि हे हात आले कुठून? बाल्साच्या बोर्डांतून. बाल्साच्या फळ्या कडेला कड लावून चिकटवायच्या, क्लॅम्पने आवळायच्या, मग रंधा मारायचा, हे काम कारागिरांना आधीच अवगत होते. साहित्य बदलले, सांधा जोडण्याची विद्या तीच राहिली.

५/ ही विद्या क्षुल्लक समजू नये. क्लॅम्प जास्त आवळला तर फोम दबतो. पट्टी ब्लँकच्या बाकाला जुळली नाही तर बोर्ड वाकडा होतो. पाण्यावर आधारित गोंदातील ओल बंद पेशींच्या फोममधून बाहेर पडत नाही, म्हणून तो लवकर सुकत नाही. गोंद फोमपेक्षा कठीण झाला, तर घासताना फोम झिजतो आणि सांध्यावर उंचवटा उरतो.

६/ मग इतिहासात हे का नाही? टॉम ब्लेक यांच्या पोकळ बोर्डाचे १९३२चे पेटंट आहे, म्हणून त्यांचा उल्लेख सोपा. घराच्या गॅरेजमध्ये स्ट्रिंगर चिकटवणाऱ्याने पेटंट घेतले नाही, जाहिरातही दिली नाही. कागद उरला नाही, म्हणून माणूसही नव्हता, असे मानणे हा इतिहासलेखनाचा आळस आहे.

७/ प्रतिपक्षाचे म्हणणे मान्य करू. १९५९च्या ‘गिजेट’ चित्रपटानंतर उसळलेली मागणी कारखान्याच्या साच्यांविना भागली नसती. स्ट्रिंगर नसलेले बोर्डही असतात. परंतु क्लार्क यांच्या कारखान्यातून निघणाऱ्या ब्लँकमध्येही लाकडी स्ट्रिंगर चिकटवलेलाच असे.

८/ ५ डिसेंबर २००५ रोजी, सोमवारी, क्लार्क फोम अचानक बंद झाला. अमेरिकेतील ब्लँकच्या बाजाराचा बहुतांश वाटा या एका कारखान्याकडे होता. टंचाई झाली, भाव चढले. बोर्ड बनणे मात्र थांबले नाही. इतर पुरवठादार पुढे आले. कित्येकांनी पॉलिस्टायरीनचे ठोकळे तापलेल्या तारेने कापले, स्वतःच स्ट्रिंगर चिकटवले आणि वर इपॉक्सी रेझिन लावले. ज्ञान केवळ कारखान्याच्या मालकीचे असते, तर हे घडले नसते.

९/ म्हणून ‘अमुक आले आणि तमुक संपले’ असे वाक्य पुन्हा दिसेल, तेव्हा तारीख पाठ करण्याआधी ती वस्तू मधोमध चिरून पाहावी. आत काय चिकटवले आहे आणि ते कोणी चिकटवले, हे विचारावे.